पर्यावरण रसायनातली गणितं: आधी विचारा, हा आकडा कशाचा?

पर्यावरण रसायनशास्त्राची थिअरी बरी जमते, पण न्युमेरिकल समोर आलं की हात थांबतो, असं सांगणारे विद्यार्थी मला वारंवार भेटतात. बहुतेकांनी मनाशी एक निदान पक्कं केलेलं असतं: "माझं गणित कच्चं आहे." त्यांच्या वह्या तपासल्या की चित्र वेगळंच दिसतं. गुणाकार बरोबर असतो, भागाकार बरोबर असतो, कॅल्क्युलेटरवर लॉगही नीट काढलेला असतो. चूक त्याच्या आधी झालेली असते, प्रश्न वाचताना. दिलेला आकडा नेमका कशाचा आहे हे न ठरवताच तो सूत्रात टाकलेला असतो.

हे मी खात्रीने सांगते, कारण मी स्वतः हीच चूक दोन वर्षं करत होते. नायट्रेटच्या एका गणितात माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या सव्वाचार पटीहून जास्त यायचं. मी आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासायचे आणि ती दर वेळी बरोबरच निघायची. उलगडा खूप उशिरा झाला. तो पुढे सांगतेच.

या विषयाला लागणारं गणित शाळेतलं आहे: प्रमाण, घातांक, लॉग आणि कधीतरी वर्गमूळ. म्हणून अभ्यासाची सुरुवात सूत्रांच्या यादीपासून करू नका. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कोरा कागद घ्या आणि प्रश्नातला प्रत्येक आकडा तीन रकान्यांत मांडा. पहिल्या रकान्यात संख्या, दुसऱ्यात एकक आणि तिसऱ्यात 'कशाचा'. "१० मिग्रॅ/लि" एवढं पुरेसं नाही. १० मिलिग्रॅम कशाचे, एक लिटर कशाचा, हे लिहायचं. तिसरा रकाना भरता आला नाही, तर तो प्रश्न तुम्हाला अजून कळलेला नाही. अशा वेळी सूत्र शोधू नका, प्रश्न पुन्हा वाचा.

पीपीएम: पाण्यातला वेगळा, हवेतला वेगळा

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. पण कशाचे दहा लाख? पाण्याच्या बाबतीत हे प्रमाण वजनाचं असतं. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो, म्हणजेच दहा लाख मिलिग्रॅम. म्हणून पाण्यात १ पीपीएम आणि १ मिग्रॅ/लि एकच धरले जातात. हा योगायोग पाण्याच्या घनतेमुळे जुळून येतो. समुद्राच्या पाण्याचं एक लिटर सुमारे १.०२५ किलो भरतं, तिथे दोन्हींत अडीच टक्क्यांचा फरक पडतो.

हवेच्या बाबतीत पीपीएम हे आकारमानाचं प्रमाण असतं. हवेत ०.०५ पीपीएम सल्फर डायऑक्साइड आहे, याचा अर्थ दहा लाख मिलिलिटर हवेत ०.०५ मिलिलिटर हा वायू आहे. दहा लाख मिलिलिटर म्हणजे बरोबर एक घनमीटर, त्यामुळे पुढचं काम सोपं होतं. २५ अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल २४.४५ लिटर, म्हणजे २४,४५० मिलिलिटर जागा व्यापतो. ०.०५ ला २४,४५० ने भागा, ०.००००२०४५ नव्हे तर ०.०००००२०४५ मोल मिळतात (इथे शून्यं मोजताना घाई करू नका, २.०४५ × १०^-६ असं लिहिणंच बरं. १०^-६ म्हणजे दहाचा उणे सहावा घात). त्याला सल्फर डायऑक्साइडच्या रेणुवस्तुमानाने, ६४ ने, गुणा. उत्तर १.३१ × १०^-४ ग्रॅम, म्हणजे घनमीटरमागे १३१ मायक्रोग्रॅम.

पुस्तकात हेच "पीपीएम गुणिले रेणुवस्तुमान भागिले २४.४५" असं एका ओळीत दिलेलं असतं आणि मुलं तेवढंच पाठ करतात. मग परीक्षेत तापमान ० अंश दिलं की २४.४५ तसाच राहतो. ० अंशाला तो २२.४ हवा, आणि उत्तर १४३ मायक्रोग्रॅम येतं. २४.४५ कुठून आला हे ज्याला माहीत आहे, त्याला तो कधी बदलायचा हेही आपोआप कळतं: २२.४ गुणिले २९८ भागिले २७३. तापमान केल्विनमध्ये.

'नायट्रोजन म्हणून' आणि 'कॅल्शियम कार्बोनेट म्हणून'

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर हा भाग राहू द्या. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

पाण्यातलं नायट्रेट मोजायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत अख्ख्या नायट्रेट आयनाचं वजन मोजतात, दुसरीत त्या आयनातल्या फक्त नायट्रोजनचं. नायट्रेटमध्ये एक नायट्रोजन (१४) आणि तीन ऑक्सिजन (४८), एकूण ६२. म्हणून तेच पाणी, तेच नायट्रेट, पण एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या ६२ भागिले १४, म्हणजे ४.४३ पट. माझं उत्तर चुकत होतं ते याच पटीने.

ही नुसती परीक्षेतली अडचण नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य ५० मिग्रॅ/लि आहे आणि अमेरिकेची मर्यादा १० मिग्रॅ/लि आहे. वाचणाऱ्याला वाटतं, एक नियम दुसऱ्याच्या पाचपट कडक आहे. पण ५० हा आकडा नायट्रेटचा आहे आणि १० हा नायट्रोजनचा. ५० ला ४.४३ ने भागलं की ११.३ येतात. दोन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच आहेत. फॉस्फेटचंही तसंच: फॉस्फेट ९५, फॉस्फरस ३१, गुणक ३.०६.

'कॅल्शियम कार्बोनेट म्हणून' ही भानगड वेगळ्या कारणाने आली. पाण्याच्या कठीणपणाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही जबाबदार, पण दोघांची वजनं वेगळी. ६० मिग्रॅ कॅल्शियम आणि १८ मिग्रॅ मॅग्नेशियम यांची बेरीज करून ७८ लिहिणं म्हणजे वेगवेगळ्या चलनांतल्या नोटा एकत्र मोजण्यासारखं आहे. आधी दोन्ही एकाच चलनात आणावे लागतात. ते चलन म्हणजे मिलिसममूल्य (मिलिग्रॅम भागिले सममूल्यभार; सममूल्यभार म्हणजे वस्तुमान भागिले प्रभार), आणि शेवटी उत्तर सांगण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट.

कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०, त्यावरचा प्रभार २, म्हणून सममूल्यभार २०. मॅग्नेशियमचं २४.३ भागिले २, म्हणजे १२.१५. कॅल्शियम कार्बोनेटचं १०० भागिले २, म्हणजे ५०. आता ६० भागिले २० बरोबर ३ मिलिसममूल्य, आणि १८ भागिले १२.१५ बरोबर १.४८. बेरीज ४.४८, गुणिले ५०. कठीणपणा सुमारे २२४ मिग्रॅ/लि, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून. शेवटचे तीन शब्द उत्तराचाच भाग आहेत, ते लिहिलेच पाहिजेत. सोडियमचा आकडा प्रश्नात दिला असेल तर तो इथे घ्यायचा नाही, तो कठीणपणात मोजत नाहीत.

काही जण सममूल्यभार न काढता सरळ १०० भागिले ४० करतात. कॅल्शियमसाठी उत्तर बरोबरही येतं, कारण दोन्हीकडचा २ कटतो. पण हीच सवय अल्कलिनिटीच्या (पाण्याच्या आम्ल शोषून घेण्याच्या क्षमतेच्या) गणितात दगा देते. १२२ मिग्रॅ/लि बायकार्बोनेट घ्या. बायकार्बोनेटचं वस्तुमान ६१ आणि प्रभार १, म्हणून सममूल्यभार ६१ च. १२२ भागिले ६१ गुणिले ५०, उत्तर १००. सममूल्यभाराऐवजी १०० भागिले ६१ केलंत तर उत्तर २०० येईल, दुप्पट. आधी चार गणितं नशिबाने बरोबर आली, म्हणून पाचव्यात चूक कळत नाही. मला वाटतं, बरोबर उत्तर आलेली गणितंसुद्धा तपासायला हवीत ती यासाठीच.

मिसळण्याची गणितं: आधी चौकोन काढा

नदीत सांडपाणी मिसळतं, तलावात दोन ओढे येतात, टाकीत रसायन सोडलं जातं. सगळ्यांचं तत्त्व एकच: जेवढं वस्तुमान आत आलं, तेवढं बाहेर गेलं किंवा आत साठलं किंवा रूपांतरित झालं. कागदावर चौकोन काढा, आत येणारे बाण काढा, प्रत्येक बाणावर प्रवाह आणि संहती (लिटरमागे किती पदार्थ) लिहा. बाणावर जे लिहिता येत नाही, तेच शोधायचं असतं.

नदीचा प्रवाह सेकंदाला ८ घनमीटर, बीओडी (सूक्ष्मजीवांना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) २ मिग्रॅ/लि. सांडपाण्याचा प्रवाह सेकंदाला ५०० लिटर, बीओडी ३६ मिग्रॅ/लि. मिसळल्यावर किती? आधी ५०० लिटरचे ०.५ घनमीटर करा, प्रश्न काढणाऱ्याने सापळा तिथेच लावलाय. ८ × २ = १६ आणि ०.५ × ३६ = १८, बेरीज ३४. एकूण प्रवाह ८.५. भागाकार ४. उत्तर ४ मिग्रॅ/लि. २ आणि ३६ ची सरळ सरासरी १९ येते, आणि ती लिहिणारे दर वर्षी असतात.

मधला ३४ हा आकडा वाया घालवू नका. मिग्रॅ/लि आणि ग्रॅम/घनमीटर एकच आहेत, म्हणून तो सेकंदाला ३४ ग्रॅम एवढा भार आहे. ८६.४ ने गुणलं की दिवसाला सुमारे २,९४० किलो. (दिवसात ८६,४०० सेकंद, किलोत १,००० ग्रॅम, म्हणून ८६.४.)

पीएच मात्र असा मिसळता येत नाही. पीएच ४ आणि पीएच ६ चं पाणी समान घेतलं तर उत्तर ५ नाही. पीएच हा लॉग आहे, आधी त्यातून हायड्रोजन आयनांची संहती काढा: १०^-४ आणि १०^-६. सरासरी ५.०५ × १०^-५, पीएच ४.३. आणि हेही फक्त पाण्यात बफर (पीएच फारसा बदलू न देणारं द्रव्य) नसेल तरच. बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात आम्ल खर्ची पडतं, तिथे अल्कलिनिटीचा हिशोब करावा लागतो.

सूत्रातल्या अनोळखी आकड्यांची चौकशी करा

सीओडीच्या (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) सूत्रात ८००० येतो. तो कुठून आला, हे वर्गात विचारलं तर बहुधा शांतता पसरते. सूत्र बाजूला ठेवून करून पाहू. ब्लँकला (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेल्या चाचणीला) टायट्रंट (थेंबथेंब घालून मोजायचं द्रावण) २४.६ मिलि लागला, नमुन्याला २०.१ मिलि, त्याची नॉर्मॅलिटी (मिलिलिटरमागे मिलिसममूल्य) ०.१, नमुना २० मिलि. नमुन्याने डायक्रोमेट (घाण जाळणारं रसायन) खाल्लं, म्हणून उरलेल्या डायक्रोमेटसाठी टायट्रंट कमी लागला. फरक ४.५ मिलि. गुणिले ०.१, म्हणजे ०.४५ मिलिसममूल्य. ऑक्सिजनचा रेणू ३२, तो ४ इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून सममूल्यभार ८. ०.४५ × ८ = ३.६ मिग्रॅ ऑक्सिजन, २० मिलि पाण्यासाठी. लिटरसाठी १००० ने गुणून २० ने भागा: १८० मिग्रॅ/लि. ८ आणि १००० एकत्र केले की तो ८००० झाला. आता सूत्र विसरलात तरी अडणार नाही.

बीओडीच्या बाटलीचं गणित त्याहून सोपं आहे. ३०० मिलिच्या बाटलीत ६ मिलि नमुना, बाकी विरलीकरणाचं पाणी. म्हणजे नमुना ५० पट विरल. सुरुवातीचा विरघळलेला ऑक्सिजन ८.२, पाच दिवसांनी ३.९. घट ४.३, गुणिले ५०, बीओडी २१५ मिग्रॅ/लि. घट किमान २ आणि उरलेला ऑक्सिजन किमान १ मिग्रॅ/लि असेल तरच ती बाटली ग्राह्य धरतात. प्रश्नात तीन-चार बाटल्या दिल्या असतील, तर आधी या कसोटीवर न उतरणाऱ्या वगळा, मग सरासरी काढा.

पुढचा प्रश्न हमखास अंतिम बीओडीचा, म्हणजे सगळी घाण कुजेपर्यंत लागणाऱ्या एकूण ऑक्सिजनचा असतो. पाच दिवसांत भागलेला अंश म्हणजे १ वजा, ई चा (२.७१८ चा) उणे (के गुणिले दिवस) वा घात. के म्हणजे घाण कुजण्याच्या वेगाचा स्थिरांक. के = ०.२३ प्रतिदिन धरला तर ०.२३ × ५ = १.१५, ई चा उणे १.१५ वा घात ०.३१७, अंश ०.६८३. २१५ भागिले ०.६८३ म्हणजे ३१५ मिग्रॅ/लि. काही पुस्तकं ई ऐवजी १० चा पाया घेतात आणि तिथे के ०.१ असतो. दोन्ही के मध्ये २.३०३ चा गुणक आहे. एका पुस्तकातला के दुसऱ्याच्या सूत्रात घातलात (०.२३, पण पाया १०) तर अंश ०.९२९ आणि उत्तर २३१ येतं. दिसायला ते अगदी पटण्यासारखं असतं, म्हणूनच धोक्याचं.

अर्धायुष्याची गणितं याच सूत्राची. ०.६९३ भागिले के, एवढंच. त्यांवर फार वेळ घालवू नका.

पावसाचं पाणी: एक गणित सावकाश

समतोलाच्या गणितांची भीती सगळ्यांत जास्त. म्हणून एकच गणित घेऊ, पण पूर्ण: प्रदूषण नसलेल्या हवेतल्या पावसाचा पीएच किती?

हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम आहे, म्हणजे १ वातावरण दाबात त्याचा वाटा ४.२ × १०^-४ वातावरण. तो किती विरघळेल हे हेन्रीचा स्थिरांक सांगतो. २५ अंशाला तो ०.०३४ मोल प्रति लिटर प्रति वातावरण. (काही तक्त्यांत तो २९.४ असा उलटा दिलेला असतो. गुणायचं की भागायचं ते स्थिरांकाचं एकक पाहून ठरवा, पाठांतरावर नाही.) गुणाकार १.४३ × १०^-५ मोल प्रति लिटर. हे झालं पाण्यातलं कार्बॉनिक आम्ल.

त्याचा पहिला विघटन स्थिरांक ४.४५ × १०^-७. आम्ल विघटित झालं की जेवढे हायड्रोजन आयन, तेवढेच बायकार्बोनेट आयन. म्हणून हायड्रोजन आयनांच्या संहतीचा वर्ग = ४.४५ × १०^-७ गुणिले १.४३ × १०^-५ = ६.३६ × १०^-१२. वर्गमूळ २.५२ × १०^-६. पीएच ५.६.

इथे थोडं थांबू. आम्लाच्या साध्या गणितात आपण मूळ संहतीतून विघटित झालेला भाग वजा करतो. इथे का केला नाही? कारण पावसाच्या थेंबाभोवती सगळं आकाश आहे. जेवढं आम्ल विघटित होतं, तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेतून पुन्हा विरघळतो. आम्लाची संहती हवेने धरून ठेवलेली आहे. ही खुली व्यवस्था. झाकण लावलेल्या बाटलीत वजाबाकी करावी लागली असती. सवयीने वजाबाकी केलीत तर पीएच ५.६४ येतो. फरक थोडा, त्यामुळे कुणाच्या नजरेतही येत नाही, पण मनातलं चित्र चुकीचं राहतं आणि पुढच्या, अवघड गणितात ते आडवं येतं. समतोलाच्या प्रत्येक गणितात पहिला प्रश्न हाच विचारा: हवेशी संबंध आहे की तुटलाय?

शेवटी, जे सोडून दिलं ते खरंच नगण्य होतं का, हे पाहा. हायड्रॉक्साइड: १०^-१४ भागिले २.५२ × १०^-६, म्हणजे सुमारे ४ × १०^-९. कार्बोनेट त्याहूनही कमी, साधारण ५ × १०^-११. दोन्ही २.५ × १०^-६ पुढे क्षुल्लक आहेत. ही तपासणी दोन ओळींत लिहा. उत्तर नशिबाने आलेलं नाही, हे परीक्षकाला तिथेच दिसतं.

उत्तर चुकलं तर भागून पाहा

उत्तर आल्यावर ते शक्य आहे का, हे विचारा. हवेशी समतोलात असलेल्या गोड्या पाण्यात २० अंशाला सुमारे ९.१ मिग्रॅ/लि ऑक्सिजन मावतो, ० अंशाला १४.६. तुमचं उत्तर ९० आलं तर दशांश चिन्ह सरकलंय. बीओडी सीओडीपेक्षा जास्त आला तर बहुधा विरलीकरणात गडबड आहे. पाण्याच्या पूर्ण पृथक्करणात धन आणि ऋण आयनांच्या मिलिसममूल्यांची बेरीज जवळजवळ सारखी यायला हवी.

आणि पुस्तकातलं उत्तर जुळलं नाही, तर सगळी आकडेमोड पुन्हा करत बसू नका. दोन उत्तरांचा भागाकार करा. तो १,००० किंवा दहा लाख आला तर चूक एककात. ४.४३ आला तर नायट्रेट आणि नायट्रोजनची अदलाबदल. २ आला तर प्रभार विसरलात. १.०९ आला तर २२.४ आणि २४.४५ ची गल्लत. ८६.४ आला तर सेकंद आणि दिवस. बीओडीचा के २.३ पटीने चुकला तर लॉगचा पाया. पीएच ०.३ ने चुकला तर हायड्रोजन आयन दुप्पट किंवा निम्मे धरलेत. पीएच जवळपास दुप्पट आला तर वर्गमूळ राहिलंय.

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक चुकलेल्या गणिताचा हा भागाकार लिहून ठेवा, शेजारी कारण. पंधरा-वीस गणितांनंतर ते पान वाचा. बहुतेकांच्या पानावर दोन किंवा तीनच आकडे पुन्हा पुन्हा आलेले असतात. तुमचे कोणते आहेत हे कळलं, की पुढच्या पेपरात उत्तरपत्रिका देण्याआधीच्या पाच मिनिटांत फक्त तेवढंच तपासायचं.